वेशीपलीकडचा शेजारी

गावाला वेस असावी, हे कोणी नाकारणार नाही. आतले कोण आणि बाहेरचे कोण, कोणाच्या सुखदुःखाची जबाबदारी आपल्यावर आहे आणि कोणाची नाही, हे वेशीमुळे ठरते. घराला उंबरा, गावाला वेस आणि देशाला सरहद्द ही माणसाच्या एकाच गरजेची तीन रूपे होत. परंतु साथीच्या रोगाला ना उंबरा ठाऊक, ना वेस, ना सरहद्द. तो बोटीने येतो, आगगाडीने येतो, विमानाने येतो. आणि पुष्कळदा तो आपल्याच रक्ताच्या माणसाबरोबर घरी येतो. रोग असा मुक्तपणे फिरत असताना त्याच्यावरचे औषध मात्र सरहद्दीशी येऊन थांबते. ह्या विसंगतीतून एक जुना नैतिक प्रश्न नव्याने उभा राहतो : संकटाच्या वेळी माझे कर्तव्य कोठपर्यंत पोहोचते? माझ्या घरापर्यंत, माझ्या गावापर्यंत, माझ्या देशापर्यंत, की त्याच्याही पलीकडे?

हा प्रश्न केवळ जिनिव्हातील सभागृहांचा नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वाड्यावाड्यांनी तो २०२० साली सोडवून पाहिला आहे. मार्च महिन्यात टाळेबंदी लागली आणि मुंबईतील चाळीत, दहा बाय बाराच्या खोल्यांत आठ-आठ जण अडकून पडले. हाताला काम नाही, साथ दाराशी आलेली; अशा वेळी चाकरमान्याला गावची ओढ लागली, ह्यात नवल ते काय? काही जण तर पायीच निघाले. पण ज्या गावात गणपतीला आणि शिमग्याला त्यांची वाट पाहिली जाई, त्याच गावाच्या वेशीवर आता बांबू आडवे पडले होते. गावात म्हातारी माणसे, तालुक्याच्या रुग्णालयात मोजक्या खाटा, प्राणवायूची सोय अपुरी. 'येऊ नका' म्हणणारा भाऊ दुष्ट नव्हता आणि 'येऊ द्या' म्हणणारा भाऊ बेजबाबदार नव्हता. पुढे शाळेत, रिकाम्या घरात विलगीकरणाची सोय झाली. गणेशोत्सवाच्या तोंडावर ते चौदा दिवसांचे असावे की दहा, ह्यावर वाद रंगले. म्हणजे राष्ट्राराष्ट्रांत चालणारा वाद आपण एका कुटुंबाच्या आत अनुभवला. म्हणूनच त्याचा विचार करण्याचा अधिकार आपल्याला अधिक आहे.

कोकणाला हा अनुभव नवा नव्हता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात एका गोमंतकीय कॅथलिक डॉक्टरने काही रुग्ण तपासले आणि ही ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची साथ असल्याचे निदान केले. त्या डॉक्टरांचे नाव आकासियो गाब्रिएल व्हिएगस. मुंबईत धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा आजही उभा आहे. त्या काळी प्लेग हा शब्द उच्चारणे सोपे नव्हते. मुंबई हे साम्राज्याचे मोठे बंदर. प्लेगचे नाव निघाले की परदेशी बंदरे मुंबईच्या मालाला आणि माणसांना दारे लावणार, हे व्यापाऱ्यांना आणि सरकारला पुरते ठाऊक होते. पुढे तज्ज्ञांनी व्हिएगस ह्यांच्या निदानाला दुजोरा दिला. मुंबईतून लाखो माणसे गावाकडे पळाली. गिरण्यांतील मजुरांत तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याचा मोठा वाटा होता. आगबोटींनी तो गाव गाठू लागला. वांद्रे, माझगाव, गिरगाव अशा भागांत आपल्या पूर्वजांनी त्या काळात उभारलेले प्लेगचे क्रूस आजही रस्त्याच्या कडेला दिसतात.

आता ह्या साथीची दुसरी बाजू पाहू. फेब्रुवारी-मार्च १८९७ मध्ये इटलीतील व्हेनिस शहरी आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. अशा परिषदा १८५१ पासून भरत आल्या होत्या. ह्या परिषदेचा विषय प्लेग हाच होता. युरोपातील राष्ट्रांना मुंबईहून येणाऱ्या बोटींची धास्ती वाटत होती. हिंदुस्थानातील मालावर सर्रास बंदी आली असती तर ब्रिटनच्या व्यापाराला मोठा धक्का बसला असता. आपण साथ कडकपणे आटोक्यात आणीत आहोत, हे जगाला दाखविणे सरकारला भाग होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. त्याने सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. हजला जाणाऱ्या यात्रेकरूंना मुंबई बंदरातून निघण्यास मनाई झाली. पुण्यात रँड ह्यांच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांची पथके घरोघरी शिरू लागली. रोगी शोधणे, त्यांना वेगळे ठेवणे, घरे स्वच्छ करणे ह्या उपायांत तत्त्वतः चूक काढता येणार नाही. पण देवघरात बुटांनी शिरणारा सोजीर आणि परक्या पुरुषांसमोर तपासणीसाठी उभी केलेली स्त्री ह्यांमुळे त्या उपायांतील औषध नाहीसे झाले आणि दहशत तेवढी उरली. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पाठोपाठ लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. रत्नागिरीत जन्मलेल्या ह्या पुढाऱ्याने साथीवरील उपायांना सरसकट विरोध केला नव्हता, हे विसरले जाते. त्यांनी पुण्यात प्लेगच्या रुग्णांसाठी रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला होता आणि शहर सोडून पळणाऱ्या प्रतिष्ठितांवर टीकाही केली होती. त्यांचा राग उपायांच्या रीतीवर होता. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता मार्च १८९७ मध्ये मरण पावल्या. एकाच शहरात एकाच महिन्यात रोग्याला हात लावणारे दोन हात होते. एक बाजारपेठ वाचविण्यासाठी पुढे आलेला आणि एक माणूस वाचविण्यासाठी. रोग्याला त्या दोहोंतील फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही.

येथे पहिला बोध हाती लागतो. राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्य हे नेहमीच प्रेमातून जन्मत नाही. बहुतेक वेळा ते भीतीतून जन्मते. व्हेनिसची परिषद रोग्यांसाठी नव्हती, ती निरोगी राष्ट्रांच्या संरक्षणासाठी होती. ह्यामुळे ती निंद्य ठरत नाही. भीतीतूनही चांगले नियम घडू शकतात. परंतु ज्या नियमांचा हेतू 'रोग आमच्याकडे येऊ नये' एवढाच असतो, त्या नियमांत रोग्याला माणूस म्हणून जागा उरत नाही. तो केवळ धोका ठरतो. आणि एकदा माणूस हा धोका ठरला की तो आपले दुखणे लपवू लागतो.

दुखणे लपविण्याचा हा मोह व्यक्तीला होतो तसा देशालाही होतो. १९९४ साली सुरतेत प्लेगची साथ आल्याची बातमी जगभर पसरली. अनेक देशांनी भारताकडे येणारी विमाने थांबविली आणि भारतीय माल अडविला. रोगाने जितकी माणसे मारली त्याच्याशी ह्या आर्थिक आघाताचे काहीच प्रमाण नव्हते. पुढे २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम नव्याने लिहिले गेले. साथीची खबर देशांनी तत्परतेने द्यावी आणि इतरांनी गरजेपेक्षा अधिक निर्बंध घालू नयेत, असा त्यांचा आशय होता. तरीही नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी कोरोनाच्या नव्या रूपाची, ओमायक्रॉनची, खबर प्रामाणिकपणे जगाला दिली, तेव्हा दोनच दिवसांत एकामागून एक श्रीमंत देशांनी त्या भागातील विमाने बंद केली. खरे बोलणाऱ्याला शिक्षा झाली. ज्या गावात 'मला ताप आहे' असे सांगणाऱ्याच्या घरावर बहिष्कार पडतो, त्या गावात पुढचा तापकरी तोंड उघडणार नाही. सत्य बोलण्याचा उपदेश करणे सोपे आहे. सत्य बोलणाऱ्याला सुरक्षित ठेवणे हे समाजाचे कर्तव्य आहे, आणि ते अधिक कठीण आहे.

पण इतिहासात भीतीचीच उदाहरणे आहेत असे नाही. प्लेगच्याच साथीत वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले. जन्माने ओदेसाचे ज्यू, शिक्षणाने रशियन, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत घडलेले, आणि काम करीत होते ब्रिटिश हिंदुस्थानात. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी प्लेगवरील लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले, त्याचा ठपका अन्यायाने हाफकिन ह्यांच्यावर आला आणि त्यांना निर्दोष ठरण्यासाठी कित्येक वर्षे वाट पाहावी लागली. परळच्या संस्थेला त्यांचे नाव १९२५ साली देण्यात आले. त्यांच्या विद्येचा लाभ ज्यांना झाला ते त्यांच्या धर्माचे नव्हते, देशाचे नव्हते, भाषेचेही नव्हते.

देवीच्या रोगाची कथा ह्याहून मोठी आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत 'देवी आल्या' असे म्हटले की घरात सन्नाटा पसरे. १९५८ साली, रशिया व अमेरिका एकमेकांवर अणुबाँब रोखून उभे असताना, सोव्हिएत प्रतिनिधी व्हिक्टर झ्दानोव्ह ह्यांनी जागतिक आरोग्य सभेत हा रोग पृथ्वीवरून नाहीसा करण्याचा प्रस्ताव मांडला. १९६७ पासून त्या मोहिमेला वेग आला. मोहिमेचे नेतृत्व अमेरिकन डॉक्टर हेंडरसन ह्यांच्याकडे होते आणि भारतासह अनेक देशांना लशीचा मोठा पुरवठा रशियाने केला. मे १९७५ मध्ये भारतात शेवटचे रुग्ण आढळले आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. ह्या विजयातही डाग आहेत. मोहिमेच्या अखेरच्या काळात काही ठिकाणी लोकांना बळजबरीने लस टोचली गेली. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली : परस्परांवर विश्वास नसलेली राष्ट्रेसुद्धा एका निश्चित कामासाठी एकत्र येऊ शकतात. मैत्री आधी आणि सहकार्य मागाहून, असा क्रम असलाच पाहिजे असे नाही.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळू. औषध थोडे आणि रोगी पुष्कळ, अशा वेळी आधी कोणाला? २४ फेब्रुवारी २०२१ रोजी पुण्याच्या सीरम संस्थेत तयार झालेल्या सहा लाख मात्रा आफ्रिकेतील घाना देशात पोहोचल्या. गरीब देशांना लस मिळावी म्हणून उभारलेल्या 'कोव्हॅक्स' योजनेची ती पहिली खेप होती. त्याच्या महिनाभर आधी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी एक विदारक हिशेब जगापुढे ठेवला होता. ४९ श्रीमंत देशांत ३ कोटी ९० लाख मात्रा देऊन झाल्या होत्या आणि अतिगरीब देशांपैकी एकात अवघ्या २५. पंचवीस लाख नव्हेत, पंचवीस हजारही नव्हेत, पंचवीस. काही देशांनी तर आपल्या लोकसंख्येच्या कित्येक पट मात्रा आगाऊ बांधून ठेवल्या होत्या. भारताने मात्र ह्या काळात नव्वदहून अधिक देशांना सहा कोटींहून जास्त मात्रा पाठविल्या; त्यांत काही भेट, काही विकत, काही कोव्हॅक्समार्फत होत्या.

मग एप्रिल उजाडला. दुसरी लाट आली. पुण्यात लस तयार होत होती आणि महाराष्ट्रातील केंद्रांवर 'लस शिल्लक नाही' असे फलक लागत होते. निर्यात थांबविण्यात आली. कोव्हॅक्सची मोठी भिस्त ह्याच एका कारखान्यावर होती; त्यामुळे आफ्रिकेतील परिचारिका आणि वृद्ध महिनोन्महिने वाट पाहात राहिले. वर्षअखेरीस निर्यात पुन्हा सुरू झाली. त्या वेळी आपल्यापैकी अनेकांनी विचारले, 'घरची मुले उपाशी ठेवून बाहेर अन्नदान कशासाठी?' आणि परदेशातून विचारणा झाली, 'दिलेल्या शब्दाचे काय?'

दोन्ही प्रश्न खरे आहेत. बापाने आधी आपल्या लेकराच्या ताटात वाढावे, ह्यात अधर्म नाही. ज्यांची जबाबदारी आपल्यावर सोपविली आहे त्यांची काळजी आधी घेणे हे कर्तव्यच आहे. जो सर्वांवर सारखे प्रेम करतो असे म्हणून घरच्यांकडे पाठ फिरवितो, तो कोणावरच प्रेम करीत नाही. परंतु जवळिकीने कर्तव्य वाढते. माणसाचे मोल वाढत नाही. माझे मूल मला अधिक जवळचे आहे, पण शेजाऱ्याच्या मुलापेक्षा ते अधिक मोलाचे नाही. म्हणून मर्यादा येथे पडते : आपल्या मुलाला जेवू घालणे वेगळे आणि पुढच्या वर्षाची भूक आजच मोजून कोठाराला कुलूप लावणे वेगळे. ज्यांच्या जिवाला खरा धोका आहे अशांना, मग ते कोठेही असोत, आधी मिळावे. ज्यांना फारसा धोका नाही अशांना, मग ते आपले का असेनात, मागून मिळावे. हा नियम पाळला असता तर श्रीमंत देशांतील धडधाकट तरुणाच्या आधी घानातील परिचारिकेचा क्रम लागला असता.

भारताच्या एप्रिलमधील निर्णयाला हा नियम लावला तर काय दिसते? स्मशानात जागा नसताना कोणत्याही लोकनियुक्त सरकारला दुसरे काही करणे शक्य नव्हते, असे म्हणावे लागते. पण त्या घडीची कोंडी त्या घडीला निर्माण झालेली नव्हती. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने सीरमला दिलेली पहिली मागणी १ कोटी १० लाख मात्रांची होती. आपल्या देशाच्या आकाराला ती किती तोकडी! आणि जगाने अब्जावधी लोकांच्या लशीचा भार एकाच कारखान्याच्या दारात आणून ठेवला होता. 'ह्यांना वाचवू की त्यांना?' असा क्रूर प्रश्न जेव्हा पुढ्यात येतो, तेव्हा तो बहुधा आधीच्या काळातील आळसाचे व्याज वसूल करायला आलेला असतो. म्हणून नैतिक विचार संकटाच्या दिवशी सुरू करून भागत नाही. तो सुकाळातच करून ठेवावा लागतो.

त्याच मे महिन्यात आणखी एक घटना घडली. केनिया ह्या आफ्रिकन देशाने भारतासाठी १२ टन चहा, कॉफी आणि शेंगदाणे पाठविले. काहींनी त्याची थट्टा केली. एवढ्या मोठ्या देशाला शेंगदाणे! पण ज्याच्याकडे लस नव्हती त्याने जे होते ते दिले. विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट वर्षानुवर्षे उपासनेत ऐकणाऱ्यांनी तरी त्या भेटीला हसू नये.

सार्वजनिक आरोग्यात राजकारण नको, असे आपण सहजपणे म्हणतो. हे म्हणणे ऐकायला गोड आहे. विचाराला मात्र ते टिकत नाही. औषध कोणाला, किती, कोणत्या किमतीत, हे जेथे ठरते तेथे राजकारण असणारच. प्रश्न एवढाच की त्या बैठकीत दुबळ्याला जागा आहे की नाही. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील औषधे वर्षाला ३५० डॉलर दराने देऊ केली, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा दर दहा हजार डॉलरच्या पुढे होता. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यामुळे हे शक्य झाले. आणि कायदा हे राजकारणाचेच अपत्य होय. २००७ साली इंडोनेशियाने बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने जगाला देण्यास नकार दिला. आमच्या रोग्यांचे नमुने घेऊन तुम्ही लस बनविणार आणि ती आम्हालाच परवडणार नाही, असा त्या देशाचा सवाल होता. नमुने अडविणे घातक होते; पण सवाल न्याय्य होता. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत व दक्षिण आफ्रिका ह्यांनी कोरोनाच्या औषधांवरील पेटंटचे बंधन काही काळ सैल करावे असा प्रस्ताव मांडला. त्यावर जागतिक व्यापार संघटनेचा निर्णय जून २०२२ मध्ये आला, तोही फार आखूड होऊन. तोवर लाखो माणसे पुरली आणि जाळली गेली होती.

अखेर २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने महासाथीविषयीचा करार स्वीकारला. महासाथीच्या काळात लस व औषधे बनविणाऱ्यांनी आपल्या उत्पादनाचा पाचवा हिस्सा जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करून द्यावा, त्यातील निदान निम्मा दान म्हणून, अशी त्यात कल्पना आहे. मात्र विषाणूचे नमुने आणि त्यांपासून होणारे लाभ कसे वाटून घ्यावेत, हा जो कळीचा मुद्दा, तो तेव्हा पुढील वाटाघाटींसाठी राखून ठेवण्यात आला. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेने संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश काढला होता. अनेक देशांत ओरड झाली की जिनिव्हातील अधिकारी आता आमच्या गावात टाळेबंदी लावणार. करारात तर स्पष्ट लिहिले आहे की असा अधिकार संघटनेला मिळत नाही. तरीही त्या भीतीला केवळ अज्ञान म्हणून झटकून टाकू नये. पुण्याच्या घरांत शिरलेल्या सोजिरांच्या मागे व्हेनिसची सावली होती, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तरी ती भीती समजून घ्यावी.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीत ह्या पेचावर दोन तत्त्वे एकत्र सांगितली आहेत. पहिले असे, की जे काम धाकटा समाज स्वतः करू शकतो ते मोठ्या समाजाने त्याच्या हातून काढून घेऊ नये. १९३१ साली अकरावे पोप पायस ह्यांनी ते ठामपणे मांडले. दुसरे ऐक्यभावाचे : कोणाचेही दुःख सर्वस्वी परक्याचे नाही. पहिले तत्त्व दुसऱ्यावाचून आंधळे होते आणि वेशीवर बांबू आडवे टाकते. दुसरे पहिल्यावाचून उद्दाम होते आणि परोपकाराच्या नावाने घरात बूट घालून शिरते. आलेल्या चाकरमान्याला शाळेत ठेवावे की रिकाम्या घरात, जेवण कोणी पोहोचवावे, हे वाडीनेच ठरवावे. ते वाडीला उत्तम कळते. पण त्याला रस्त्यावर मरू द्यावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार वाडीलाही नाही, जिल्ह्यालाही नाही आणि राष्ट्रालाही नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये, साथ ऐन भरात असताना, बंधुभावावरील आपल्या परिपत्रकाचे एक संपूर्ण प्रकरण चांगल्या शोमरोनीच्या दाखल्याला वाहिले, ते ह्याच कारणाने. त्या दाखल्यात शास्त्र्याने विचारले होते की माझा शेजारी कोण. आणि प्रभूने तो प्रश्नच उलटा केला : जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? शेजारी हा नकाशावर सापडत नाही. तो व्हावा लागतो.

कोकणातील माणसाला हे समजणे जड जाऊ नये. आपल्यातील कोणते घर असे आहे की ज्याचा एकही माणूस वेशीबाहेर नाही? कोणाचा मुलगा बोटीवर, कोणाची मुलगी आखातातील रुग्णालयात परिचारिका, कोणाचा भाऊ मुंबईत. परक्या बंदरात त्याला ताप भरेल तेव्हा तेथील लोक त्याच्याकडे धोका म्हणून पाहतील की रोगी म्हणून, ह्याची चिंता आपल्या घरातील आईला असतेच. ती चिंता जर न्याय्य असेल, तर आपल्या वेशीशी आलेल्या दुसऱ्याच्या मुलाविषयी आपले उत्तरही ठरूनच गेले आहे. पुढची साथ केव्हा येईल हे कोणास सांगता येत नाही. पण गावातील रिकामी खोली, तालुक्यातील खाट, देशातील कोठार आणि जगातील करार ह्यांची तयारी सुकाळातच करावयाची असते, आणि सध्या सुकाळ आहे.